आश्रम की कोंडवाडा?

परदुःख शीतळ, असे आपल्याकडे म्हणतात. परंतु परक्याचे पाप मात्र आपणांस फार उष्ण लागते, असा आमचा अनुभव आहे. २०२१ च्या मे महिन्यात कॅनडातील कामलूप्स या गावी, एका जुन्या निवासी शाळेच्या आवारात, जमिनीखालचे टिपणाऱ्या यंत्राने सुमारे २०० संभाव्य थडग्यांच्या खुणा दाखविल्या. त्या थडग्यांवर नाव नव्हते, दगड नव्हता. ते वृत्त येथे पोहोचताच आपल्या सुशिक्षित मंडळींस जो गहिवर आला तो खोटा होता असे आम्ही म्हणत नाही. आम्ही एवढेच विचारतो की, मांडव्यास बोटीने उतरून अलिबागच्या वाटेला लागणाऱ्या, किंवा कर्जतच्या डोंगरात पावसाळी सहलीस जाणाऱ्या या गहिवरल्या मंडळींपैकी कितीजणांनी रस्त्याकडेच्या एखाद्या आश्रमशाळेच्या फाटकापाशी आपली गाडी थांबविली आहे?

कॅनडाची हकीकत आता जगजाहीर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत त्या देशातील मूळनिवासी समाजांची सुमारे दीड लाख मुले आईबापांपासून तोडून सरकारी पैशाने व मिशनऱ्यांच्या हाताने चालणाऱ्या शाळांत घालण्यात आली. १९२० साली तर त्यासाठी सक्तीचा कायदा झाला. मुलाने मातृभाषेत बोलणे हा तेथे अपराध होता. १९०७ साली पीटर ब्राइस नावाच्या सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याने या शाळांतील कोंदट हवा, क्षयरोग आणि मृत्यू यांचा अहवाल देऊन सरकारला सावध केले. सरकारने अहवाल वाचला आणि फडताळात ठेवला. शंभर वर्षांनी, २००८ साली, त्या देशाच्या पंतप्रधानांनी संसदेत क्षमा मागितली. सत्य व समेट आयोग बसला. त्याने हजारो माणसांच्या साक्षी ऐकून २०१५ साली आपला अहवाल व ९४ शिफारशी राष्ट्रापुढे ठेवल्या. कृती पुरी झाली नाही अशी तेथील लोकांची तक्रार आहे आणि ती रास्तही असेल. पण निदान हिशेबाची वही उघडली गेली. आमची वही कोठे आहे?

येथे कोणी लगेच म्हणेल की, ही तुलनाच अन्यायाची आहे. तेथे परकी सत्ता होती, येथे स्वराज्य आहे. तेथे मुले ओढून नेली, येथे आईबाप आपण होऊन आणून सोडतात. या आक्षेपात तथ्य आहे, आणि ते लपविण्याची आमची इच्छा नाही. आपल्या आश्रमशाळांचे मूळ द्वेषात नाही, सेवेत आहे. १९२२ साली दाहोदला भील सेवा मंडळ स्थापन करणारे ठक्करबाप्पा, किंवा १९४० साली ठाणे जिल्ह्यात आदिवासी सेवा मंडळ उभे करणारे बाळासाहेब खेर यांच्या हेतूविषयी शंका घेणे हे कृतघ्नपणाचे होईल. ज्या काळी जंगलातल्या माणसास सावकार व ठेकेदार यांच्याखेरीज कोणी विचारीत नव्हते, त्या काळी ही माणसे त्यांच्यात जाऊन राहिली. पुढे १९५३-५४ पासून सरकारने अशा संस्थांस अनुदान देण्यास आरंभ केला, आणि १९७२-७३ पासून स्वतःच आश्रमशाळा काढल्या. आज महाराष्ट्रात सरकारी आश्रमशाळा सुमारे पाचशे आणि अनुदानित त्याहूनही काही अधिक आहेत. या शाळांतून शिकून शिक्षक, परिचारिका, तलाठी, क्वचित वकील-डॉक्टर झालेली माणसे आम्हांस ठाऊक आहेत, आणि त्यांच्या यशाला आम्ही काडीइतकाही बोल लावीत नाही.

पण हेतूच्या शुद्धतेने कृतीचा हिशेब चुकता होत नाही. आमचा वाद मुलांना शिकविण्याशी नाही. जी कल्पना कॅनडाच्या शाळांच्या मुळाशी होती तीच आपल्या व्यवस्थेच्याही मुळाशी, अधिक सौम्य वेष घेऊन, बसली आहे. तिच्याशी आमचा वाद आहे. ती कल्पना अशी: आदिवासी मुलाला माणूस करावयाचे तर आधी त्याला त्याच्या घरातून उचलले पाहिजे, त्याचे घर हाच त्याचा रोग, आणि घरापासूनचे अंतर हेच औषध. तेथे हे अंतर कायद्याने पाडले, येथे ते दारिद्र्याने पाडले जाते. सहा वर्षांचे पोर आईबाप आपण होऊन आणून सोडतात, हे खरे. पण ज्याच्यापुढे दोन वाटा असतात त्यानेच एक निवडली असे म्हणता येते. ज्याच्या वाडीत शाळा नाही, ज्याच्या चुलीवर दोन वेळचे अन्न नाही, आणि ज्याला दिवाळी सरताच भट्टीवर जावयाचे आहे, त्याच्या संमतीला संमती म्हणणे ही शब्दांची थट्टा होय.

हे दारिद्र्य कोठून आले, हेही पाहिले पाहिजे. नाहीतर आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी असा प्रकार होईल. आज ज्यास रायगड जिल्हा म्हणतात, आणि १९८१ पूर्वी ज्यास कुलाबा म्हणत, त्या जिल्ह्यात कातकरी, ठाकूर आणि महादेव कोळी हे आदिवासी समाज पिढ्यान्‌पिढ्या राहतात. कातकऱ्याचे नावच त्याच्या धंद्याचे आहे. खैराच्या लाकडापासून कात काढावा, डोंगरउतारावर नाचणी-वरी पेरावी, खाडीत मासे व खेकडे धरावे, रानात कंद खणावे, हा त्याचा संसार. १८७८ च्या जंगल कायद्याने खैर सरकारचा झाला. कात काढणारा चोर ठरला. डोंगरउतारावर लावण्यास दिलेली दळी जमीन कसणाऱ्याच्या हातात राहिली खरी, पण कागदावर ती त्याची झाली नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतरही तिच्यासाठी अर्ज, पुरावे आणि हेलपाटे यांचे सत्र चालूच राहिले. १९३० च्या २५ सप्टेंबरास उरण तालुक्यातील चिरनेर येथे जंगल सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा पडलेल्या हुतात्म्यांत नाग्या महादू कातकरी याचे नाव आहे. ज्या जंगलासाठी नाग्या पडला ते जंगल स्वराज्यातही त्याच्या जातभाईंस परत मिळाले नाही, ही गोष्ट हुतात्मा दिनाच्या भाषणांत सहसा कोणी काढीत नाही.

जंगल गेले तेव्हा कातकरी कोळशाच्या व विटांच्या भट्टीवर गेला. पावसाळ्याच्या तोंडावर, घरी दाणा नसताना, मुकादमाकडून उचल घ्यावयाची. दिवाळीनंतर बायकापोरांसह भट्टीवर जाऊन ती फेडावयाची. आणि वैशाख सरता सरता, बहुधा काही कर्ज डोक्यावर तसेच ठेवून, परत यावयाचे, हा त्याचा वर्षाचा फेरा आहे. वाडी जेथे उभी, ती जमीन पुष्कळदा दुसऱ्याच कोणाच्या नावावर असते. मुंबईचा पैसा रायगडच्या किनाऱ्यावर उतरू लागल्यापासून त्या जमिनीला भाव आला आहे, आणि भावाबरोबर वाडीला धाकही आला आहे. सरकारने कातकऱ्यांस विशेष दुर्बल आदिवासी समूहांच्या यादीत घातले आहे. परंतु संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रांत रायगड जिल्हा येत नाही, त्यामुळे १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला दिलेले अधिकार येथील वाड्यांना नाहीत. दुर्बल म्हणून मान्यता आहे. बळ देणारा कायदा मात्र वेशीबाहेर थांबला आहे.

अशा घरातले मूल आश्रमशाळेत येते. तेथे काय घडते ते सांगताना आम्हांस अतिशयोक्तीची गरज नाही. सरकारी कागदच पुरेसे आहेत. २०१६ साली राज्यपालांपुढे ठेवलेल्या तज्ज्ञ समितीच्या अहवालाने राज्यभरातील आश्रमशाळांत मागील पंधरा वर्षांत झालेल्या मुलांच्या मृत्यूंची संख्या हजाराहून अधिक असल्याचे प्रकट केले. कोणी तापाने गेले, कोणी सर्पदंशाने, कोणी पाण्यात बुडून. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात बुलढाणा जिल्ह्यातील एका आश्रमशाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराने सारे राज्य हादरले. हादरले, आणि स्थिर झाले. ब्राइसच्या अहवालाला शंभर वर्षे फडताळात राहावे लागले. आमच्या अहवालाचे कपाट जरा नव्या घडणीचे आहे, एवढाच फरक. हजार मुले! एखाद्या शहरी नामवंत शाळेच्या वसतिगृहात एका वर्षात दोन मुले सर्पदंशाने गेली असती, तर त्या शाळेस दुसऱ्या दिवशी कुलूप लागले असते. येथे मात्र मृत मुलाच्या बापाच्या हाती भरपाई ठेवली जाते, आणि त्याच्या जागी पुढल्या जूनमध्ये दुसरे नाव हजेरीपटावर चढते.

आपल्या प्राचीन गुरुकुलांचा दाखला देऊन कोणी या व्यवस्थेचे समर्थन करतात. ‘आश्रम’ हा शब्द त्यासाठीच योजिला असावा. परंतु गुरुकुलात जाणारा बटू ज्या भाषेत बोलत जाई, त्याच भाषेचा तेथे मान होता. ज्या कुळाचा तो असे, त्या कुळाचा अभिमान घेऊन तो समावर्तनानंतर घरी परते. आमच्या आश्रमशाळेतून कातकऱ्याचे मूल काय घेऊन परतते? कातकरी बोली ही प्रमाण मराठीहून निराळी आहे. तिचे शब्द निराळे, तिची क्रियापदे निराळी. पहिल्या दिवशी मूल जे बोलते त्याला वर्ग हसतो, आणि गुरुजी ‘नीट बोल’ म्हणतात. ‘नीट’ या एका शब्दात त्याची आई, आजी आणि सारी वाडी वाकडी ठरते. त्याच्या घरचे अन्न, म्हणजे रानातला कंद, बिळातला उंदीर, खाडीतला खेकडा, हे तेथे चेष्टेचे विषय. मासा कोणत्या भरतीला कोठे येतो, कोणते मूळ विषारी आणि कोणते औषधी, हे ज्या आठ वर्षांच्या पोराला ठाऊक, ते पोर ‘अप्रगत’ म्हणून मागल्या बाकावर बसते. द्रोणाचार्यांनी एकलव्याला आश्रमाबाहेर ठेवले आणि त्याचा अंगठा मागितला. आम्ही त्याला आश्रमात घेतो आणि त्याची जीभ मागतो. यात प्रगती किती झाली, ते वाचकांनीच ठरवावे.

एका कार्तिकात रोहे तालुक्यातील एका वाडीवर आम्ही गेलो होतो. निम्म्याहून अधिक झोपड्यांच्या दारांना काट्यांची झापे बांधलेली. माणसे भट्टीवर गेलेली. एका ओट्यावर एक म्हातारी बसली होती. नातू कोठे असतो असे विचारता ती ‘साळंत’ म्हणाली, आणि मग थोडे थांबून म्हणाली, ‘आला की आमच्यात बोलत नाय.’ तिच्या स्वरात तक्रार नव्हती, कौतुकही नव्हते. आपण एक वस्तू दिली आणि बदल्यात काय आले ते अजून समजले नाही, अशा माणसाचा तो स्वर होता. त्या एका वाक्याचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न म्हणजेच हा लेख होय.

आता प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा आम्ही स्वतःच मांडतो. कारण तो टाळून पुढे जाणे हे आमच्या पक्षाला शोभणार नाही. २०२३ च्या १९ जुलैच्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ठाकरांची ती वाडी रातोरात मातीखाली गेली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे बेपत्ता राहिली आणि शेवटी शोध थांबविण्यात आला. त्या रात्री वाडीतील जी मुले आश्रमशाळेत होती ती वाचली. ‘पाहा,’ असे आम्हांस म्हणता येईल, ‘घरी असती तर ती गेली असती.’ होय, गेली असती. ती वाचली याबद्दल, ज्या शाळांत ती होती त्या शाळांचे आम्ही ऋणी आहोत. परंतु या प्रसंगाचा अर्थ घर वाईट आणि वसतिगृह चांगले असा ज्यांस लावावयाचा असेल त्यांनी तो लावावा. आम्हांस त्यात निराळाच अर्थ दिसतो. जे सरकार वाडीतून मुलाला उचलू शकले, त्याला कड्याखालून वाडी का उचलता आली नाही? त्या वाडीला जावयास धड रस्ता नव्हता. बचाव करणाऱ्यांना भर पावसात डोंगर चढून, हातांनी माती उपसावी लागली. मुलाला वाचविण्याचा उपाय म्हणून घराला मरू देणारी जी व्यवस्था, तिचे नाव शिक्षण नव्हे. उरलेल्यांना पुढे घरे बांधून मिळाली. जे घर दरडीनंतर बांधता येते ते दरडीआधीही बांधता आले असते.

‘मग आश्रमशाळा बंद करावयाच्या काय?’ असा प्रश्न येईल. आम्ही तसे म्हणत नाही. भट्टीच्या धुरात विटा थापणाऱ्या पोराला आज जे छप्पर आहे तेही काढून घेण्याचा अविचार आम्ही सुचविणार नाही. आम्ही म्हणतो ते इतकेच की, जो उपाय अपवाद म्हणून निघाला तो नियम होऊन बसला आहे, आणि त्याला पुन्हा अपवाद केले पाहिजे. याचा मार्ग अज्ञात आहे असेही नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीस ग्रामबाल शिक्षा केंद्र काढले आणि पुढे अनुताई वाघांसह कोसबाडच्या टेकडीवर काम केले. त्यांनी शाळा मुलापाशी नेली. अंगणात भरली ती अंगणवाडी. आणि गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात भरली ती कुरणशाळा. ‘अंगणवाडी’ हा शब्द पुढे साऱ्या देशाने घेतला. त्यातला विचार मात्र वाटेत सांडला. कुरणात शाळा भरू शकते तर वीटभट्टीवर का भरू नये? आणि याच काळात सरकार काय करते आहे? कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचे परिपत्रक २०२३ साली निघाले. कमी पट कोठे असतो? वाडीत असतो, पाड्यात असतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने लहान मुलाला घराजवळ शाळा मिळण्याचा अधिकार दिला आणि शक्य तेथवर मातृभाषेतून शिकविण्यास सांगितले. एका हाताने हे दिले आणि दुसऱ्या हाताने वाडीची शाळा मिटविली, तर पोराला आश्रमशाळेवाचून गती काय?

तेव्हा आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. पहिली, आश्रमशाळांत मृत्यू पावलेल्या प्रत्येक मुलाची नोंद, गाव, वय, तारीख व कारण यांसह, प्रसिद्ध व्हावी. नाव आईबापांच्या अनुमतीने यावे. ज्या मुलाचा मृत्यू केवळ आकड्यात जिरतो त्याचे थडगे कामलूप्सच्या थडग्यांहून फारसे निराळे नाही. दुसरी, दहा वर्षांखालील मुलास घराबाहेर ठेवण्याचा प्रसंग येऊ नये, अशा रीतीने वाडीतील शाळा टिकवाव्या. आईबाप भट्टीवर असतील त्या काळापुरते मूल गावातच, आजी-आजोबांच्या नजरेखाली, राहू शकेल अशी हंगामी सोय करावी. तिसरी, पहिली दोन-तीन वर्षे मुलाच्या बोलीतून शिकविणारी माणसे त्याच समाजातून नेमावी. शिकलेले कातकरी व ठाकूर तरुण आज आहेत, त्यांना शोधावयास दुर्बीण नको. चौथी, वाडीखालची जमीन वाडीच्या नावावर व्हावी आणि दळी जमिनीचे दावे निकालात काढावे. कारण जोवर घराला जमीन नाही तोवर मुलाला घर नाही. आणि पाचवी, या व्यवस्थेतून गेलेल्या माणसांच्या साक्षी, त्यांच्या बोलीत, त्यांच्याच समाजातील माणसे बहुसंख्य असलेल्या एका आयोगापुढे नोंदल्या जाव्या. २०२३ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने अतिदुर्बल आदिवासींसाठी ‘पीएम-जनमन’ ही योजना काढली. तीत घरे आहेत, रस्ते आहेत आणि वसतिगृहेही आहेत. घरे व रस्ते यांचे आम्ही स्वागत करतो. वसतिगृहे बांधण्यापूर्वी मागल्या वसतिगृहांनी काय केले ते ऐकून घ्यावे, एवढेच आमचे म्हणणे.

शेवटी स्वतःविषयी. सरकारला दोष देऊन मोकळे होणे हा सुशिक्षितांचा जुना छंद आहे, आणि आम्हीही त्यातून मुक्त नाही. ज्या विटांनी आमची घरे उभी राहिली त्यांतल्या काहींवर कोणा पोराच्या बोटांचे ठसे आहेत. रायगडच्या किनाऱ्यावर विसाव्यासाठी घेतलेल्या जमिनींपैकी काहींच्या सातबाऱ्याखाली एखादी वाडी गाडली गेली आहे. आमच्या मराठीला आम्ही अमृताशी पैजा जिंकणारी म्हणतो. पण त्याच भूमीवरील एका बोलीला आम्ही ‘नीट बोल’ एवढेच सांगितले. कॅनडाच्या पंतप्रधानांनी जी क्षमा मागितली ती त्यांच्या राष्ट्राला शंभर वर्षे उशिरा सुचली. आम्हांस एवढा उशीर करण्याचे काही कारण नाही. रोह्याच्या त्या वाडीतील म्हातारी अजून ओट्यावर असेल, आणि तिचा नातू दिवाळीच्या सुट्टीत घरी येईल. तो तिच्याशी कोणत्या भाषेत बोलतो, यावरून आमच्या शिक्षणाची परीक्षा व्हावी. दुसरी कोणतीही परीक्षा आम्ही मानीत नाही.